पाच आठवडे ज्वारी

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एक शिक्षिका आमच्या दारात आल्या. शाळाबाह्य मुलांच्या नोंदी करत त्या आमच्या भागात फिरत होत्या. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून दमल्या होत्या. पाणी प्यायल्या, फॉर्म काढला आणि माझ्या मुलाकडे पाहून विचारलं, "हा किती वर्षांचा? शाळा कोणती?"

मी म्हटलं, "साडेसहा पूर्ण. शाळेत जात नाही, घरीच शिकतो."

त्यांचं पेन थांबलं. मुलगा ओट्यापाशी स्टुलावर उभा होता, हात मनगटापर्यंत पिठात. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "ताई, माझ्याकडे दोनच रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "शाळेत जातो किंवा शाळाबाह्य. आजारी असतो का? तुम्ही गावाहून आलात का?" दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी 'शाळाबाह्य' असं लिहिलं, कारण विचारलेल्या जागी थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि ती जागा कोरी सोडली.

त्या कोऱ्या जागेने मला बरेच दिवस सतावलं. त्याच यादीत वीटभट्टीवरची मुलं असणार, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुलं असणार, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळणाऱ्या मुली असणार. त्यांना शाळा मिळत नव्हती. आम्ही मिळालेली शाळा सोडली होती. हा फरक मोठा आहे आणि त्याचं उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक आहे असं मी मानते. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगते. आठ वर्षांखालच्या मुलाला रोज दीड-दोन तासांपेक्षा जास्त शिकवण्याची गरज नसते. त्या दोन तासांत सहा विषयांचे तुकडे न पाडता एकच विषय हाती धरून त्यावर कित्येक दिवस रेंगाळू दिलं, तर मूल वाचायला, मोजायला आणि विचारायला शिकतं. ज्याच्या घरात हे जमतं त्याला ते घरी करू द्यावं. पण हे फक्त अशा घरांपुरतं राहिलं, तर तो या राज्यातल्या बाकी मुलांवर अन्याय आहे.

आम्ही शाळा का सोडली ते थोडक्यात सांगते. मुलगा मोठ्या शिशुवर्गात होता. सहाला उठायचं, सहा चाळीसला व्हॅन. दुपारी घरी आला की डबा अर्धा भरलेला आणि दप्तरात दोन वह्यांचा गृहपाठ. एका संध्याकाळी तो ३ हा आकडा पुन्हा पुन्हा उलटा काढत होता. पानभर लाल फुल्या होत्या. रडला नाही, हट्ट केला नाही. फक्त म्हणाला, "माझा हात वाईट आहे." साडेपाच वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताबद्दल असं म्हणावं! त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो आणि महिनाभराने त्याला शाळेतून काढलं. शाळेतल्या बाईंना मी दोष देत नाही. वर्गात चाळीस मुलं होती आणि वही तपासायला वरून कोणीतरी येणार होतं.

हात वाईट नव्हता, तयार झाला नव्हता. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच म्हटलं तरी चालेल, सगळी कूर्चा असते. वर्षामागून वर्ष एकेक हाड कठीण होत जातं आणि वाटाण्याच्या आकाराचं शेवटचं हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी आकाराला येतं. मातीचे गोळे करणं, दोरी ओढणं, झाडावर चढणं, भाजी निवडणं यांतून बोटांत जोर येतो आणि मग पेन्सिल नीट धरली जाते. आपल्याकडे हा क्रम उलटा लावलेला आहे. चौथ्या वर्षी रेघा, पाचव्या वर्षी जोडाक्षरं आणि सहाव्या वर्षी "अक्षर खराब आहे" म्हणून शिकवणी.

"पण दोन तासांत कसं होणार?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. माझ्या वडिलांनी सगळ्यांत जास्त वेळा विचारला, कारण ते चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. त्यांना मी त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. त्याच कायद्यात प्राथमिक वर्गाला ३० मुलांमागे एक शिक्षक धरलेला आहे. २४० भागिले ३०. शिक्षिकेने हजेरी घेतली नाही, कोणाला दटावलं नाही, एकही कागद भरला नाही असं धरलं, तरी एका मुलाच्या वाट्याला तिची आठ मिनिटं येतात. घरी त्याच मुलाला एका माणसाची नव्वद मिनिटं मिळतात. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आठसुद्धा मिळत नाहीत गं." त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

उरलेला वेळ रिकामा असतो आणि तो रिकामाच असायला हवा. सकाळी आपोआप जाग येईल तेव्हा उठायचं. आंघोळ-न्याहारीनंतर तासभर बसून काम. मग खाली मैदानात, बाजारात किंवा टेकडीवर. दुपारी जेवण, वाचून दाखवलेली गोष्ट आणि झोप. संध्याकाळी पुन्हा अर्धा-पाऊण तास, तोही जमलं तर. आठवड्यातून चार दिवस एवढं केलं की पुरे. पहिले दोन महिने मुलगा दिवसभर नुसता लोळायचा आणि मला धडकी भरायची. तिसऱ्या महिन्यात त्याने आपणहून कात्री, पुठ्ठा आणि दोरा मागितला. तो लोळण्याचा काळ आधीच्या दोन वर्षांचा शीण काढण्यासाठी होता, हे मला फार उशिरा कळलं. घरी शिकवायला सुरुवात करणाऱ्या आया बहुतेक याच टप्प्यावर घाबरतात आणि घरातच वेळापत्रक लावून शाळा भरवतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की तसं करू नका. शाळा भरवायचीच असेल, तर खरी शाळा घरापेक्षा कितीतरी बरी. तिथे निदान शेजारी बसायला मित्र असतो.

आता ज्वारी. माझ्या सासरचं गाव मंगळवेढ्याजवळ आहे. तिथल्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. डिसेंबरात सासूबाई आल्या त्या ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन, आणि सोबत त्यांच्या सासूबाईंची जुनी मापं. चिपटं, मापटं, शेर आणि पायली. मुलाने सगळी मापं जमिनीवर मांडली आणि कुठलं कशात बसतं ते बघू लागला. दुसऱ्या दिवशी मी ठरवलेला 'आपलं शरीर' हा विषय बाजूला ठेवला.

पहिला आठवडा नुसता भरण्यात आणि ओतण्यात गेला. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. हे त्याला कोणी सांगितलं नाही. तो भरत गेला, सांडत गेला, पुन्हा भरत गेला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आजी, पायलीत चिपटी किती?" आजी म्हणाली, "मोज की." सोळा निघाली. दुसऱ्यांदा मोजली तर पंधरा भरली आणि पायली गच्च झाली. तो चिडला. आजीने त्याचं चिपटं हातात घेतलं आणि वर चढलेल्या दाण्यांवरून तळहात फिरवला. "हे शिगोशीग भरलंस. शीग उतरव, मग बघ." मग शीग म्हणजे काय, शीग लावून घेणारा आणि सपाट माप देणारा व्यापारी कसा फसवतो, मग सरकारने किलोचा काटा का आणला, हे सगळं त्या एका तळहातामधून निघालं. त्या आठवड्यात मी गणित शिकवलं नाही, पण दुप्पट, निमपट, चौपट, बेरीज आणि अपूर्णांकाची पहिली ओळख एवढं त्याच्या हाताखालून गेलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावी गेलो. हुरड्याचे दिवस होते. आगटी पेटवलेली, कणसं भाजून तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. मुलाने ज्वारीचं ताट, म्हणजे उभं धाट, त्याच्या उंचीच्या किती पट आहे ते मोजलं. राखणीला बसलेल्या चुलतसासऱ्यांनी गोफण फिरवून दाखवली. कणीस, ताट, कडबा, पेंढी, खळं असे कितीतरी शब्द तो घेऊन आला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला हे शब्द कुठल्या पुस्तकातून देणार? परत आल्यावर त्याने आपणहून लिहायला घेतलं, 'कणीस'मधली दीर्घ वेलांटी विचारून विचारून. सात-आठ ओळींचं एक पान लिहायला त्याला चार दिवस लागले. ते पान अजून माझ्या कपाटात आहे, त्यात ३ हा आकडा एकदा उलटा आणि दोनदा सुलटा आहे.

पण मला खरं सांगायचंय ते तिसऱ्या आठवड्याबद्दल. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि शेजारी मी पोळ्या लाटत होते. त्याने विचारलं, "तू लाटतेस आणि आजी थापते, असं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. "भाकरी लाटली की तुटते," आजी म्हणाली. "का तुटते?" यावर आम्ही दोघी थांबलो. मग वाचलं, विचारलं आणि एक प्रयोग केला. तो कोणीही करू शकतं. कणकेचा एक घट्ट गोळा घेतला आणि ज्वारीच्या पिठाचा एक. दोन्ही अर्धा तास पाण्यात ठेवले आणि मग पाण्यातच हळूहळू चोळून धुतले. ज्वारीचा गोळा विरघळत गेला, हातात काहीच उरलं नाही, पातेल्यात नुसतं पांढरं पाणी. गव्हाच्या गोळ्यातलंही पांढरं पाणी निघत गेलं, पण शेवटी हातात पिवळट, रबरासारखा, ओढला की ताणला जाणारा एक गोळा उरला. ते ग्लुटेन. त्याने तो गोळा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "यात च्युइंगम आहे आणि ज्वारीत नाही!" तो ओरडला. आणि पुढचं वाक्य: "म्हणून आजी गरम पाणी घालते का?" होय, म्हणूनच. पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन ज्वारीत नाही, म्हणून उकळत्या पाण्याने पिठातलं पिष्ट फुगवून थोडा चिकटपणा आणावा लागतो. सासूबाईंनी पन्नास वर्षं हेच केलं होतं. त्या दिवशी नातवाने त्यांना त्याचं कारण सांगितलं आणि त्या कितीतरी वेळ त्या गोळ्याकडे बघत होत्या.

सर्वेक्षणाच्या बाई आल्या तेव्हा मुलगा हाच प्रयोग चौथ्यांदा करत होता.

आता हे सगळं पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसेल का? 'परिसर'ची घंटा झाली की 'गणित', गणिताची झाली की 'मराठी'. प्रश्न जिथे उगवतो तिथे त्याला थांबायला वेळच नाही. विषय पाच आठवडे चालला म्हणूनच तिसऱ्या आठवड्यातला तो प्रश्न आला. पहिल्या दिवशी तो आलाच नसता. मुलाला एखादी गोष्ट इतकी सवयीची व्हावी लागते की त्यातली विसंगती त्याच्या डोळ्यांत भरेल.

इथे एक तक्रार घरी शिकवणाऱ्या आमच्या मंडळींबद्दलही करायला हवी. विषयाधारित शिक्षण म्हणून सध्या जे घरोघरी चालतं, त्यातलं बरंच उसनं आहे. एप्रिलच्या उकाड्यात पुण्यातली मुलं पेंग्विन आणि बर्फ करत असतात, कारण तशा कार्यपत्रिका छापायला तयार मिळतात. खाली शेवगा शेंगांनी लगडलेला असतो, बहावा फुलायला आलेला असतो, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. शिवाय कागदावर आंब्याची सात चित्रं काढून "किती आंबे?" विचारलं, म्हणजे आंबा हा विषय झाला असं नाही. ती बेरीजच आहे, आंब्याचा रंग दिलेली. आंबा हा विषय तेव्हा होतो, जेव्हा अढीतला आंबा रोज उघडून वास घ्यावा लागतो आणि एक आंबा बाकीच्यांच्या आधी का पिकला याचं कोडं पडतं.

हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला तेव्हा माँटेसोरीबाईंचं साधन-साहित्य महागडं होतं आणि शहरी होतं. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी वस्त्यांत मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. चिंचोके, शिंपले, पानं, बिया, खडे हेच साहित्य. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नावच कुरणशाळा. मुलाचा दिवस मोडून शाळा बसवण्याऐवजी त्याच्या दिवसात शाळा बसवायची, ही कल्पना आपल्याच मातीत, पालघरच्या डोंगरात, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणली गेली होती. आणि एका कामाभोवती सगळे विषय गुंफायचे, याला तर आपल्याकडे नावसुद्धा आहे: समवाय. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली तेव्हा सूत कातता कातता गणित, भूगोल आणि भाषा शिकवण्याची ती पद्धत होती. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालयात, फलटणला मॅक्सीनमावशी बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनात आपापल्या परीने मुलाच्या अनुभवातून शिकवण्याची वाट रुंद केली. हे सगळे शाळेतले लोक होते, घरी शिकवणारे नव्हते. मला त्यांचं नाव घ्यायचा हक्क आहे तो एवढ्याचपुरता, की घरात बसून मी जे चाचपडत शोधत होते ते त्यांनी आधीच करून ठेवलेलं होतं.

सरकारी कागदसुद्धा आता हेच बोलतात. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षण मागितलं. २०२० च्या दप्तर धोरणाने पूर्वप्राथमिकला दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं सांगितलं. नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकत्र धरून त्याला पायाभूत स्तर म्हटलं, खेळातून आणि मातृभाषेतून शिकवा म्हटलं. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला. तो वाचला तेव्हा मला आमची सहा चाळीसची व्हॅन आठवली. पण शाळांनी काय म्हटलं? बसच्या फेऱ्या जमत नाहीत, इमारतीत दोन सत्रं चालतात. मुलाची झोप बसच्या फेरीपुढे हरली. आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं तर कोणीच वाली नाही, कारण शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. गल्लीबोळातल्या खासगी बालवाड्यांत चार वर्षांच्या मुलाकडून किती पानं गिरवून घ्यावीत हे बालवाडी चालवणारा आणि फी भरणारे पालक मिळून ठरवतात. यात आम्ही पालक निर्दोष नाही. "तुमच्याकडे लिहायला कधी लावतात?" हा आमचा पहिला प्रश्न असतो.

आता त्या कोऱ्या जागेकडे येते.

महाराष्ट्रात मुलाला शाळेत न घालण्याचा निर्णय कोणी हलक्या मनाने घेऊ नये. १८४८ मध्ये सावित्रीबाई भिडेवाड्यात शिकवायला गेल्या तेव्हा मुलींना घरात ठेवणं हीच रीत होती. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते इंग्रज सरकारने मंजूर होऊ दिलं नाही. आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात तो कायदा करून दाखवला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवून. ज्यांच्या पिढ्यांना पाटी मिळाली नाही त्यांच्यासाठी शाळेचा उंबरठा हाच मुक्तीचा उंबरठा होता आणि आजही आहे. दुपारचा गरम भात, उन्हातान्हातून चार तास सुटका, लग्न पुढे ढकलण्याचं निमित्त, हे सगळं शाळा देते. त्यामुळे "शाळा हवीच कशाला?" असं म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. शाळेची सक्ती ही आपल्याकडे दुबळ्यांनी मिळवलेली गोष्ट आहे. माझ्या सोयीसाठी ती सैल होऊन एखाद्या मुलीच्या बापाला "आम्ही तिला घरीच शिकवतो" असं म्हणायची पळवाट मिळणार असेल, तर मला ती सवलत नको.

दुसरा प्रश्न बाईचा आहे. 'घरी शिकवतात' या वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा आई असते. मी पूर्ण वेळेची नोकरी सोडून घरून हिशेबांची कामं घेऊ लागले. पगार निम्म्याहून खाली आला. नवऱ्याने शनिवार-रविवार आणि रोजची संध्याकाळ मनापासून सांभाळली, सासूबाई वर्षातून चार महिने राहिल्या, तरीही माझ्या कामाची तीन वर्षं गेली. मला पश्चात्ताप नाही, पण ही किंमत न सांगता घरच्या शिक्षणाचे गोडवे गाणं अप्रामाणिक आहे. ज्या बाईला सकाळी आठला चार घरची धुणीभांडी गाठायची आहेत, तिला "मुलासोबत ज्वारी मोजत बसा" असं सांगायची माझी छाती नाही.

तिसरा प्रश्न सोबतीचा. त्याचं उत्तर मुलानेच दिलं. साडेसात वर्षांचा झाल्यावर तो खालच्या मुलांबरोबर कबड्डी खेळायचा आणि ती मुलं साडेदहाला शाळेत गेली की जिन्यात बसून राहायचा. "मला पण जायचंय," असं एक दिवस म्हणाला. गेल्या जूनमध्ये त्याने जवळच्या मराठी शाळेत तिसरीत नाव घातलं. वाचन-गणितात काही अडलं नाही. अडलं ते एका जागी बसायला आणि बोलायची पाळी येईपर्यंत थांबायला. दोन महिने लागले. वर्गात निरनिराळ्या घरांतली मुलं आहेत, निरनिराळ्या जातींची, एक-दोन परप्रांतातून आलेली. आमच्या सोसायटीत ही सरमिसळ मी त्याला कधीच देऊ शकले नसते. घरच्या शिक्षणाची ही खरीखुरी उणीव आहे, आणि नाटकाचे वर्ग किंवा पोहण्याचे वर्ग लावून ती भरून निघत नाही.

मग मी मागते काय?

पहिलं म्हणजे लहान दिवस आणि लांब विषय, हे अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत यावं. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका वस्तीतलीच बाई असते, तिला तिथली मुलं, शेतं, सण, धान्य सगळं ठाऊक असतं. ज्वारी तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण तिचा दिवस पोषणाच्या नोंदी, वजनं, मोबाईलमधलं ॲप, सर्वेक्षणं आणि बैठका यांत जातो. तिला मदतनिसाशिवाय आणखी एक माणूस द्या, मानधन पगारासारखं द्या आणि रोजचे दोन तास फक्त मुलांसाठी मोकळे ठेवा. तिथे गणवेश आणि टाय असलेल्या नर्सरीपेक्षा चांगलं शिक्षण होऊ शकतं. कोसबाडला ते झालं होतं.

दुसरं, खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना कायद्याखाली आणा. तीन तासांपेक्षा जास्त वेळ नाही, सहा वर्षांपर्यंत लेखी परीक्षा आणि गृहपाठ नाही, प्रवेशासाठी मुलाची मुलाखत नाही. आणि हे पाळलं जातं की नाही ते बघायला कोणीतरी असू द्या.

तिसरं, आमच्यासारख्यांबद्दल. आज कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातलं तर शिक्षा काही नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी, आठवी, दहावी बाहेरून देता येते. म्हणजे कायदा आम्हाला ना हो म्हणतो, ना नाही. या अधांतरी जागेत जो तो आपापल्या हिमतीवर राहतो, आणि कोणाच्या घरात मूल खरंच शिकतंय की नुसतंच घरात आहे, हे कोणालाच कळत नाही. मला वाटतं, घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव जवळच्या सरकारी शाळेच्या पटावर असावं. त्याने आठवड्यातून दोन दिवस तिथे जावं, खेळावं, सगळ्यांबरोबर जेवावं, ग्रंथालय वापरावं. वर्षातून दोनदा शिक्षिकेने मुलाशी बसून बोलावं, परीक्षा न घेता. मूल गप्प आहे, घाबरलेलं आहे, सहा महिन्यांत पुढे सरकलेलं नाही असं दिसलं, तर विचारण्याचा हक्क तिला असावा आणि उत्तर देणं पालकांवर बंधनकारक असावं. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच कडकपणे व्हावं.

आठ वर्षं पूर्ण झाली की मात्र मुलाने पूर्ण वेळ शाळेत यावं असं मला वाटतं. यावर माझ्याच ओळखीतल्या घरी शिकवणाऱ्या मैत्रिणी माझ्याशी भांडतात. त्यांचा अनुभव वेगळा आहे, त्यांच्या मुलांनी दहावीपर्यंत मजल मारली आहे आणि ती मुलं गुणी आहेत. पण धोरण गुणी मुलांकडे बघून ठरवता येत नाही.

मुलाचं नाव शाळेत घालायला गेले तेव्हा मी हे अर्ध्या वेळेच्या पटाचं मुख्याध्यापकांजवळ बोलले. माझी धाकटी मुलगी आता सहाची होईल, तिच्यासाठी विचारत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले, "दोन दिवस येऊ दे, खेळू दे. पण ऑनलाइन हजेरीत मी उरलेले दिवस काय भरू? हजर भरलं तर खोटं, गैरहजर भरलं तर महिन्याभरात मला खुलासा मागतील." मी त्यांना शिक्षण विभागाला पाठवण्यासाठी एक अर्ज लिहून दिला आहे. त्यात एवढंच मागितलं आहे, की त्या यादीत 'घरी शिकते, नोंद आहे' अशी आणखी एक जागा करा. त्यावर त्यांनी शाळेचा शिक्का मारून तो पुढे पाठवला आहे.